छोट्या मिलिंग मशीनचा कॉलम आधी की हेड आधी? फेसिंगला स्टेप पडायलीय

लातूर_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. बेंचवर बसणारी छोटी व्हर्टिकल मिल आहे. गिअर हेड, चौकोनी कॉलम, हेड डोव्हटेलवर (तिरक्या कडांच्या सरकपट्टीवर) वर-खाली होतं, क्विल (स्पिंडल खाली उतरवणारी नळी) वेगळी. टेबल 730 × 210. कॉलम बेसवर चार एम12 बोल्टांनी बसवलाय. पुढच्या आणि मागच्या बोल्टांमधलं अंतर 160 मिमी. हेड तीन टी-बोल्टांवर डावी-उजवीकडे झुकतं. पुढे-मागे झुकवायची सोय नाही.

63 मिमी व्यासाच्या फेस कटरने एमएस (साध्या पोलादाची) प्लेट फेस करायलोय, म्हणजे माथा सपाट करायलोय, तर एक्समध्ये (डावी-उजवीकडे) एक पास मारला की मधोमध खोलगट राहतंय. शेजारी 45 मिमी सरकून दुसरा पास मारला की दोन पासच्या मधे स्टेप पडते, नखाला लागते. डायल गेजने बघितलं तर खोलगटपणा 0.02 मिमीच्या आसपास आणि स्टेप 0.03 ला थोडी कमी. दुसरी तक्रार अशी की 40 मिमी जाड प्लेटला ड्रिल मारून, हेड वर घेऊन रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) लावला की रीमर एका बाजूने घासत उतरतो.

स्पिंडलला लिव्हर डायल बांधून टेबलावर 200 व्यासाला फिरवली. उजवीकडे डावीपेक्षा 0.14 जास्त दाब. पुढे, म्हणजे आपण उभं राहतो त्या बाजूला, मागच्यापेक्षा 0.12 जास्त. कॉलमखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालायचा विचार आहे. कुठे आणि किती घालू?

जालना_फिटर

सोपं आहे भाऊ. पुढे दाब जास्त म्हणजे कॉलम पुढे कललाय. 0.12 गुणिले 160 भागिले 200, म्हणजे 0.096. पुढच्या दोन बोल्टांखाली 0.10 चा शिम टाका. उजवीकडच्या 0.14 साठी हेडचे नट थोडे सैल करून, समोरून बघता घड्याळाच्या उलट दिशेला रबरी हातोड्याने ठोका. फरक निम्म्यावर आला की डायल शून्य करून परत फिरवा. नट एकदम आवळू नका, तिन्ही थोडे थोडे आवळत जा, शेवटच्या आवळण्यात हेड हमखास सरकतं.

वाळूज_टूलरूम

लातूरवाले दादा, शिम कापायच्या आधी थोडं थांबा. जालन्याच्या भाऊंची दिशा बरोबर आहे, हिशोबही बरोबर आहे, पण 0.12 हा सगळा आकडा कॉलमचा आहे हे अजून कुणी तपासलेलं नाही.

आधी एक चांगली गोष्ट. तुमची डायल आणि तुमचा जॉब एकच सांगताहेत. 200 ला 0.14 म्हणजे मिमीला 0.0007. 63 च्या कटरची त्रिज्या 31.5, गुणाकार 0.022. तोच तुमचा मधला खोलगटपणा. पुढे-मागे 200 ला 0.12 म्हणजे मिमीला 0.0006, पास 45 ने सरकवला की 0.027. तीच तुमची स्टेप. म्हणजे एक्समध्ये पास मारताना डाव्या-उजव्या झुकावाने खोलगट पडतं आणि पुढच्या-मागच्या झुकावाने स्टेप पडते. दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

आता कॉलमचं. डायल फिरवून जे कळतं ते इतकंच की स्पिंडलची धुरी टेबलाला काटकोनात नाही. का नाही, ते त्यातून कळत नाही. कॉलम पुढे कललेला असू शकतो, नाहीतर कॉलम सरळ असून हेडच त्यावर नाक खाली करून बसलेलं असू शकतं. छोट्या मशीनवर बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं. सगळी चूक कॉलमच्या नावावर टाकून शिम घातला, तर फेसिंग छान येईल पण कॉलम मागे कलेल. मग हेड वर-खाली केलं की टूलची जागा सरकेल आणि ड्रिल-रीमरची तक्रार आहे त्याहून वाढेल.

त्यासाठी मोजायचा क्रम धरा. प्रत्येक माप आधीच्या मापावर उभं असतं.

सगळ्यात आधी जिब, म्हणजे सरकत्या भागाचा ढिलेपणा काढणारी पट्टी. हेड लॉक करताना डायलचा काटा बघा. लॉक आवळल्यावर 0.02 च्या वर हलला तर झेडचा (वर-खाली चालीचा) जिब ढिला आहे. रीमर घासायचं कारण मला तिथंच दिसतंय. ड्रिलच्या वेळी हेड एका जागी लॉक झालं, रीमरच्या वेळी दुसऱ्या. जिब काढून स्वच्छ पुसा, कडेचे बर (उठलेली धार) ऑइलस्टोनने मोडा, स्लाइडवे ऑइल लावून परत बसवा. हँडल जड लागेपर्यंत आवळून मग स्क्रू जरासा सोडा. एक्स आणि वायलाही (पुढे-मागे) तेच. टेबलाचं टोक हाताने वर-खाली दाबून बघा, 0.02 च्या वर डुलायला नको. यापुढचं प्रत्येक माप झेड लॉक करून.

मग टेबल. स्पिंडल न फिरवता डायल टेबलावर टेकवा आणि टेबल एक्समध्ये, मग वायमध्ये चालवा. टेबलाचा माथा स्वतःच्या चालीला समांतर आहे का ते यातून कळतं. पूर्ण चालीत 0.02–0.03 मध्ये असेल तर पुढे जा. इथेच चूक मोठी असेल तर ट्रॅमिंगच्या (स्पिंडलवर डायल फिरवून घेतलेल्या) आकड्यांना अर्थ नाही.

मग कॉलम. टेबलावर चांगला गुण्या उभा करा, डायल स्पिंडलला, आणि हेड 150 मिमी वर न्या. डायल गुण्याच्या पुढून, कॉलमकडे तोंड करून टेकवा. हेड वर जाताना दाब सुटत गेला तर कॉलम पुढे कललाय. मग गुण्या उलटा फिरवून मागच्या बाजूने तेच माप घ्या. गुण्याची स्वतःची चूक असतेच. दोन्ही वेळा झुकाव कुठल्या दिशेला दिसतो ते लिहा. सरासरी आली ती मशीनची चूक, फरकाचा निम्मा तो गुण्याचा दोष. डावी-उजवीकडेही असंच.

हे आकडे टाका, मग शिमचं बोलू. आणि डायलचं टोक पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. टोक 30 अंशांवर असेल तर 0.10 दाखवते तेव्हा खरं 0.087 असतं.

जालना_फिटर

बरोबर आहे टूलरूम, कॉलमचं वेगळं माप घ्यायलाच पाहिजे होतं. टेबलावर डायल फिरवताना टी-स्लॉटमध्ये टोक पडतं त्याला एक उपाय सांगतो. भंगारातून मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग घ्या. 6220 ची असेल तर बाहेरचा व्यास 180, तुमच्या 210 च्या टेबलावर बरोबर बसते. आमच्याकडे रोलिंग मिलच्या भंगारात अशा रिंगा मिळून जातात. दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या असतात आणि समांतर असतात. फक्त कडेला कुठे ठोका बसून उंचवटा आलाय का ते ऑइलस्टोन फिरवून बघा. टेबलावर ठेवायच्या आधी खाली बोट फिरवा, एक चिप अडकली तरी सगळं माप वाया. डायल साधारण 170 व्यासावर फिरते, तो व्यास लिहून ठेवा. रिंग 180 अंश फिरवून परत माप घ्या. आकडे तेच आले तर रिंग चांगली.

लातूर_जॉबवर्क

आभारी आहे. जिबचा अंदाज खरा निघाला, लॉक आवळताना काटा 0.05 हलत होता. साफ करून बसवल्यावर आता 0.01 च्या आत आहे. टेबलाचा माथा एक्सला 0.015, वायला 0.01.

जिबनंतर रिंगवर परत मोजलं. 170 व्यासाला पुढे 0.085 जास्त, म्हणजे 200 ला 0.10. उजवीकडचं 200 ला 0.14 तसंच आहे.

गुण्याने कॉलम: पहिल्यांदा 150 उंचीला 0.05 पुढे, गुण्या फिरवल्यावर 0.01 पुढे. डावी-उजवीकडे सरासरी 0.01.

वाळूज_टूलरूम

छान. आता हिशोब सरळ आहे.

कॉलम 150 ला 0.03 पुढे. गुण्याचा दोष 150 ला 0.02, तो गुण्या नुसत्या चौकोनी जॉबसाठी वापरत असाल तर लक्षात राहू द्या. 200 ला धरलं तर कॉलम 0.04 पुढे. स्पिंडल 200 ला 0.10 पुढे. उरलेला 0.06 हेडच्या बैठकीचा. जिब ढिला असताना जो 0.12 दिसत होता त्यातला 0.02 तर जिबचाच होता.

म्हणून कॉलमच्या पुढच्या बोल्टांखाली 0.03 गुणिले 160 भागिले 150, म्हणजे 0.032. एवढंच. 0.10 चा शिम घातला असता तर कॉलम मागे गेला असता आणि हेड 100 मिमी वर घेतलं की टूल 0.04 च्या आसपास सरकलं असतं.

हेडचं 0.06 हे हेडच्या गोल फ्लँजमागे शिम घालून काढायचं. तीन टी-बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास मोजा. समजा 120 आहे, तर 0.06 गुणिले 120 भागिले 200, म्हणजे 0.036. हा शिम फ्लँजच्या खालच्या भागात जातो, म्हणजे हेडचं बूड पुढे येतं आणि नाक वर. नुसता खाली एकच तुकडा घालू नका. खाली 0.036, मधल्या उंचीला दोन्ही बाजूंना 0.018 च्या आसपास, वर काही नाही. शिम ग्रीसने सॅडलच्या (कॉलमवर सरकणाऱ्या भागाच्या) बाजूला चिकटवा, हेडच्या बाजूला नको. मग हेड पुढे कधी कोनात झुकवलं तरी दुरुस्ती जागेवर राहते.

डावी-उजवीकडचं 0.14 सगळ्यात शेवटी. कॉलम त्या दिशेला 150 ला 0.01 आहे, त्याला हात लावू नका. हेड फिरवूनच काढा. हेड उतरवताना खाली लाकडी ठोकळा द्या, ते एकट्याने पेलायचं वजन नाही.

नांदेड_मेंटेनन्स

शिमबद्दल माझं मत थोडं वेगळं. बोल्टाखाली छोटे चौकोनी तुकडे घातले की कॉलमचा फ्लँज चार ठिपक्यांवर उभा राहतो, मधे हवा. जड कट घेतला की कॉलम थरथरतो, फिनिशवर बारीक लाटा दिसतात आणि लोक कटरला दोष देतात. 0.03 साठी चालून जाईल, पण तेही पट्टीने करा. फ्लँजच्या पूर्ण रुंदीची पट्टी पुढच्या कडेखाली, निम्म्या जाडीची दुसरी मधे.

0.05 च्या वर गेलं तर मेटल भरलेला इपॉक्सी जास्त चांगला. कॉलम साफ करायचा, एका बाजूला मेण लावायचं म्हणजे पुढे कधी सुटेल, चार कोपऱ्यांत शिमवर कॉलम बरोबर उभा करायचा, मधे इपॉक्सी भरून बोल्ट नुसते हाताने टेकवायचे. 24 तास हात लावायचा नाही. मग बोल्ट आवळायचे. बैठक पूर्ण भरते. कसबी माणूस मिळाला तर फ्लँज स्क्रेप करणं (उंचवटे हाताने खरवडणं) याहून वरचं, पण आता निळं लावून स्क्रेप करणारे हात कमी राहिलेत.

जाडी छापलेल्या आकड्यावरून धरू नका, मायक्रोमीटरने मोजा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण 0.011 ते 0.018 असते, कोल्ड्रिंकचा कॅन 0.1 च्या आसपास. फॉइलची दोन-तीन पदरी घडी घालून 0.032 गाठता येतं, पण घडीत हवा राहते, म्हणून घडी काचेवर दाबून मग मोजा. आणि बोल्ट दरवेळी तेवढाच ताण, त्याच क्रमाने, समोरासमोर तिरपे. टॉर्क रेंच असेल तर एम12 ला 60 न्यूटन-मीटर धरा. बोल्ट कमी-जास्त आवळून 0.02 इकडे-तिकडे सहज जातो, आणि शिम चुकला असं वाटतं.

परभणी_फॅब

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे बरीच शेडं काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर नुसती फरशी असेल तर तीही वर-खाली होते आणि तिच्यावरचा स्टँड पिळतो. बेंचची छोटी मशीन अशा स्टँडवर बोल्टने आवळलेली असेल तर बेस तिच्याबरोबर पिळतो. मग मे महिन्यात सेट केलेलं मशीन ऑगस्टमध्ये बिघडल्यासारखं वाटतं. पाया करत असाल तर काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून दाबा, वर काँक्रीट. ते शक्य नसेल तर स्टँडला चार स्क्रू-पाय लावा आणि पावसाळा संपल्यावर मीटरला 0.02 ची लेव्हल टेबलावर आडवी-उभी ठेवून तपासा. मशीन अगदी लेव्हलला पाहिजे असं नाही, पण पिळलेलं नको. बेसचे बोल्ट सैल केल्यावर डायलचं माप बदललं, तर बेस स्टँडकडे ओढला जातोय. त्या बोल्टाखाली शिम द्या, मग आवळा.

दुसरं ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दारातून कॉलमच्या एका बाजूवर ऊन पडत असेल तर माप घेऊ नका. 400 मिमी उंच, 120 मिमी खोल बिडाच्या कॉलमच्या पुढच्या-मागच्या बाजूत 2 अंशांचा फरक पडला तरी तो वाकून 200 ला 0.014 दाखवतो. तुम्ही कॉलमचं जेवढं शिमने काढायला निघालात त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. सकाळी लवकर माप घ्या, आणि गिअर हेड अर्धा तास फिरवून घ्या, कारण काम करताना ते गरमच असणार.

लातूर_जॉबवर्क

पट्टी घातली, हेडमागे शिम घातला, सकाळी सातला मोजलं. 170 व्यासाला एक्समध्ये 0.005, वायमध्ये 0.01. कॉलम 150 ला 0.005. खोलगटपणा डायलला सापडत नाही आणि कटरच्या रेघा दोन्ही बाजूंनी एकमेकींना छेदताना दिसतात. पण व्हाइसमध्ये धरलेला जॉब अजून समांतर येत नाही, 100 मिमी लांबीवर 0.04. कुठे बघू?

वाळूज_टूलरूम

रेघा छेदताहेत म्हणजे स्पिंडल बसलं. 300 ला 0.02 ही साधारण मान्य मर्यादा, तुम्ही तिच्या जवळपास आतच आहात. याहून पुढे या मशीनला ओढू नका.

स्पिंडलचा रनआउटही (फिरताना किती डुलतं ते) एकदा बघून ठेवा. टेपरच्या आत डायल टेकवून हाताने फिरवा, 0.01 च्या आत हवा. मग कॉलेटमध्ये (टूल पकडणाऱ्या चिरलेल्या नळीत) ग्राइंड केलेला रॉड धरून नाकापासून 100 मिमीवर बघा. जास्त आला तर कॉलेट 180 अंश फिरवून लावा. चूक कॉलेटबरोबर फिरली तर कॉलेट खराब, जागेवर राहिली तर स्पिंडल.

व्हाइसचं असं आहे. फिक्स जॉला एक्समध्ये डायल चालवणं सगळे करतात, ते करा. पण जॉब समांतर न येण्याचं कारण बहुतेक वेळा हलता जॉ असतो. आवळताना तो वर उचलतो आणि जॉबची एक कड पॅरललवरून (जॉबखाली ठेवतात त्या समांतर पट्टीवरून) सुटते. दोन्ही पॅरलल हाताने ओढून बघा. एक जरी सरकला तर जॉब बसलेला नाही. हलता जॉ आणि जॉब यांच्यामधे, पकडीच्या मध्यउंचीला एक 10–12 मिमीचा गोल रॉड आडवा धरा म्हणजे जोर फिक्स जॉवर सरळ पडतो. आवळल्यावर तांब्याच्या हातोड्याने जॉब एकदा खाली बसवा, त्यानंतर व्हाइस परत आवळू नका, परत आवळलं की जॉब परत उचलतो. शिवाय व्हाइसच्या तळाला आणि टेबलाला बर आहे का बघा. व्हाइसच्या आतल्या बैठकीवर डायल चालवली आणि तिथेच 0.04 दिसला तर दोष तळाचा आहे.

व्हाइसमधून सुटलात की एक चाचणी कट घ्या. 200 × 150 ची, खालून ग्राइंड केलेली प्लेट थेट टेबलावर क्लँप करा. झेड लॉक, कटर एकाच उंचीला, आणि चार कोपऱ्यांत व मधोमध पाच छोटे ठिपके मिल करा. झेडला मधे हात लावायचा नाही. प्लेट काढून पाचही जागांची जाडी मायक्रोमीटरने मोजा. कोपरे बारीक आणि मधला जाड आला तर टेबल टोकाला गेल्यावर बाहेरचं टोक झुकतंय आणि कटरखालची बाजू वर येतेय, म्हणजे एक्सचा जिब अजून ढिला आहे. तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे जाड आणि दोन बारीक आले तर पीळ आहे, परभणीवाल्यांनी लिहिलंय ते बघा. सगळे 0.01 च्या आत आले तर मशीन कामाला लावा.

लातूर_जॉबवर्क

व्हाइसच्या तळालाच बर होता, पॅरलल सरकत होता. ऑइलस्टोन मारून रॉड घातल्यावर 100 ला 0.01 वर आलं. ठिपक्यांचं उद्या सकाळी करून आकडे टाकतो.

नांदेड_मेंटेनन्स

ठिपके मिल करताना एक्स-वायचे लॉकही आवळा, आणि दरवेळी एकाच बाजूने येऊन थांबा, नाहीतर लीडस्क्रूचा बॅकलॅश (उलट फिरवतानाचा रिकामा खेळ) टेबलाला झटका देतो आणि ठिपक्याची कड दबते. बॅकलॅश किती आहे तेही त्याच वेळी बघून घ्या. टेबलाला डायल लावा, हँडल एका दिशेने फिरवून काटा हलायला लागला की थांबा, मग उलट फिरवत काटा परत हलेपर्यंत हँडलच्या रिंगवर किती घरं गेली ते मोजा. 0.10 च्या वर असेल आणि तुमच्या मशीनचा नट चिरलेल्या प्रकारचा असेल, तर त्याचा स्क्रू आवळून तो कमी करता येतो. पण टेबल दोन्ही टोकांना नेऊन हँडल फिरवून बघा. मधे स्क्रू झिजलेला असतो, मधे धरून आवळलं की टोकाला जाम होतो.